सोसायटीत मुस्लिम कुटुंब नको म्हणतात

प्रश्न : शेजारचे काका फ्लॅट एका मुस्लिम कुटुंबाला विकतायत तर कमिटीवाले मेंबरशिप देणार नाही म्हणतात, मी काय करू?

उत्तर : ताई, गप्प बसू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 23 सांगतं की पात्र माणसाला पुरेसं कारण नसताना मेंबरशिप नाकारता येत नाही, आणि नुसता धर्म हे सहसा पुरेसं कारण ठरत नाही, त्यामुळे नकार लेखी मागा म्हणजे निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे, अपील करता येतं. पण कायद्याआधी चहाला बोलवा हो त्या कुटुंबाला, कमिटीतल्या काकूंनाही. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, दोन्हीकडची माणसं मिळून आरती करतात, मग आपल्याला एक जिना शेअर करायला काय हरकत आहे?