अलेक्स फ्राय कोच म्हणून फेल गेला का? माझं उत्तर जरा लांब आहे

भावा, तू दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे फुटबॉलमध्ये स्वित्झर्लंडसाठी सगळ्यात जास्त गोल मारणारा अलेक्स फ्राय कोच झाल्यावर एवढा कसा आपटला, बासेल क्लबनं त्याला एक सीझनसुद्धा पूर्ण करू दिला नाही. आणि दुसरं, त्याची कुठली एक मॅच बघू. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, आधी पहिलं, कारण "आपटला" हा शब्द मला पटत नाही आणि मी या माणसाला 2004 पासून फॉलो करतोय.

आधी आकडा बघ. 84 मॅच, 42 गोल. बरोबर दर दोन मॅचला एक. ब्राझील-जर्मनीसाठी नाही, ज्या टीमला मॅचमध्ये तीन-चार चान्स मिळाले तरी खूप अशा स्वित्झर्लंडसाठी. त्याच्या आधीचं रेकॉर्ड 34 गोलांचं होतं, मॅक्स आबेगलेन आणि कुबिलाय ट्युर्किलमाझ या दोघांच्या नावावर, आणि फ्रायनं ते 2008 च्या मे महिन्यात लिख्टेनश्टाइनविरुद्ध मोडलं. त्यानंतर शाकिरी आला, सेफेरोविच आला, एम्बोलो आला, तरी रेकॉर्ड अजून फ्रायचंच आहे.

पण हा काही लहानपणापासून स्टार वगैरे नव्हता, आणि कोच फ्राय समजून घ्यायचा तर हेच धरून ठेव. जन्म बासेलचा, 1979 चा. बासेलच्याच सीनियर टीममध्ये आला, थोड्या मॅच मिळाल्या आणि तिथं काही जमलं नाही. मग खाली थूनला गेला, तिथून लुझर्न, तिथून जिनिव्हाला सर्व्हेट. सर्व्हेटला लुसियन फाव्र कोच होते (हेच पुढं ग्लाडबाख, नीस, डॉर्टमुंडला गेले) आणि ती टीम फार गोड खेळायची, 2001 मध्ये यूएफा कपात बर्लिनमध्ये जाऊन हेर्टाला 3-0 हरवून आली होती. 2003 च्या जानेवारीत फ्राय फ्रान्समध्ये रेनला गेला आणि पहिले काही महिने जवळपास बेंचवरच. दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. नवीन कोच आला, लास्लो बोलोनी, आणि मग पुढच्या सीझनला लीगमध्ये 20 गोल, त्याच्या पुढच्या सीझनला परत 20 आणि 2004-05 चा फ्रेंच लीगचा टॉप स्कोअरर! म्हणजे याला जे मिळालं ते खालून वर चढून मिळालं, आणि प्रत्येक ठिकाणी आधी थांबावं लागलं. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

मधे तो घाणेरडा प्रकारही झाला, तो टाळून चालणार नाही. युरो 2004, कोइंब्रामध्ये इंग्लंडविरुद्ध मॅच, तिथं हा स्टीव्हन जेरार्डच्या मानेवर थुंकला. आधी नाही म्हणाला, पुराव्याअभावी सुटत होता, मग स्विस टीव्हीच्याच कॅमेऱ्यात ते सापडलं आणि तीन मॅचची बंदी. थुंकणं वाईटच, पण नाही म्हणणं जास्त वाईट, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. स्वित्झर्लंडमधल्या कित्येक लोकांनी ते त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही असं मला वाटतं, कारण पुढं जे झालं ते फक्त खेळावरून झालं असं नाही वाटत.

2006 चा वर्ल्ड कप आठवतोय का? स्वित्झर्लंडनं आख्ख्या स्पर्धेत एक गोल खाल्ला नाही तरी घरी गेले. फ्रायनं टोगोला आणि कोरियाला गोल मारले, युक्रेनविरुद्ध त्याची फ्री किक बारला लागली, आणि 117 व्या मिनिटाला, पेनल्टी शूटआउटला तीन मिनिटं राहिली असताना कोच कोबी कुन यांनी त्यालाच बाहेर काढलं. टीमचा पेनल्टी मारणारा माणूस बेंचवर बसून बघतोय आणि स्ट्रेलर, बार्नेटा, काबानास तिघांच्या पेनल्टी चुकल्या, एकही गोल नाही. मी कुन यांचा आदर करतो, मोठा माणूस, पण तो निर्णय मला आजपर्यंत कळलेला नाही.

आणि मग 2008. युरो घरी, पहिली मॅच बासेलमध्ये, त्याच्या जन्मगावात, त्याच्या स्टेडियमवर, कॅप्टन तो. आपल्याकडं रात्री साडेनऊला सुरू झालेली, आम्ही चौघं मित्र टीव्हीसमोर. हाफटाइमच्या तोंडावर चेक डिफेंडरशी भिडताना गुडघा गेला आणि हा रडत रडत बाहेर गेला. स्पर्धा संपली. आख्खं करिअर ज्या एका महिन्याची वाट बघितली तो 45 मिनिटांत गेला, आणि टीमही दुसऱ्या मॅचनंतर बाद. खेळाडू रडताना खूप बघितले पण तो चेहरा मी विसरलो नाही.

इतकं सगळं झालेल्या माणसाला 2010-11 मध्ये स्वतःच्याच प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. आपल्याकडं शिट्टी म्हणजे खुशी, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर गोल झाला की शिट्ट्यांनी कान बसतात, पण तिकडं शिट्टी म्हणजे "चालता हो". देशाचा टॉप स्कोअरर मैदानातून बाहेर येतोय आणि स्टँडमधून ते ऐकतोय. 2011 च्या एप्रिलमध्ये त्यानं आणि स्ट्रेलरनं एकाच दिवशी नॅशनल टीम सोडली. वय 31. मला वाटतं हा राग बरोबर होता.

आता बासेल. 2009 मध्ये जर्मनीतलं डॉर्टमुंड सोडून परत आला तेव्हा लोक म्हणत होते की पेन्शन घ्यायला आलाय. पेन्शन कसली, लगेच लीग आणि कप दोन्ही, मग परत लीग, मग परत दोन्ही, स्वतः 2011 आणि 2012 ला लीगचा टॉप स्कोअरर. 2011 च्या सप्टेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड 2-0 पुढं होती, आपल्याकडं रात्री सव्वाबाराची मॅच, अर्धे लोक झोपायला गेले असतील, आणि आधी फाबियान फ्राय (नात्यातला नाही, आडनाव एक), मग दोन मिनिटांत अलेक्स, मग अलेक्सची पेनल्टी, 2-3! शेवटी अॅशली यंगनं 3-3 केलं. पण डिसेंबरमध्ये बासेलमध्ये स्ट्रेलर आणि फ्राय, एक-एक गोल, 2-1, आणि फर्ग्युसनची युनायटेड ग्रुपमधूनच बाहेर. त्या टीममध्ये झाका, शाकिरी, सोमर ही पोरं होती आणि त्यांच्या पुढं ही दोन म्हातारी. डिसेंबरच्या त्या मॅचला कोच होता हायको फोगेल. हे नाव लक्षात ठेव.

2013 च्या एप्रिलमध्ये थांबला, शेवटची मॅच झुरिचविरुद्ध, फ्री किकवर गोल मारून. लगेच लुझर्नला स्पोर्टिंग डायरेक्टर, ते 2014 च्या शेवटी संपलं. मग बासेलच्या बोर्डावर. इथपर्यंत नेहमीचाच रस्ता, मोठा खेळाडू, सूट, खुर्ची. पण मग त्यानं जे केलं ते मला फार आवडतं, खुर्ची सोडून तो पोरांचा कोच झाला. अंडर-18, मग अंडर-21. मधे 2018 ला कोच विकी यांना काढलं तेव्हा थोडे दिवस सीनियर टीम सांभाळली आणि नवीन कोच कोलर आल्यावर गप परत पोरांकडं गेला. 2020 ला एफसी विल घेतली, सेकंड डिव्हिजन, छोटं गाव, छोटा क्लब. 2021 च्या डिसेंबरमध्ये विंटरथुर.

आणि विंटरथुरचं कोणी बोलतच नाही! हा क्लब 1985 पासून सेकंड डिव्हिजनमध्ये किंवा त्याच्याही खाली होता. 37 वर्षं. जुनं शूत्झेनवीझे स्टेडियम, पिढ्यान्‌पिढ्या तिथं उभं राहून मॅच बघणारे लोक, ज्यातल्या कित्येकांनी क्लबला वरच्या डिव्हिजनमध्ये कधी बघितलंच नव्हतं. फ्राय अर्ध्या सीझनला आला आणि 2022 च्या मेमध्ये शेवटच्या दिवशी क्रिन्सला 5-0 हरवून हे लोक चॅम्पियन होऊन वर गेले. तू म्हणतोस आपटला, मग हे काय होतं? आधीच्या कोचनं पाया घातला होता हे मान्य, पण शेवटपर्यंत चुरस असलेल्या सीझनमध्ये टीमचं डोकं शांत ठेवणं हे कोचचंच काम. हा माणूस आयुष्यभर पेनल्टी मारत आलेला, ते त्याच्याकडं होतंच.

तिथंच राहिला असता तर? मला खरंच वाटतं की त्यानं वर आलेल्या विंटरथुरबरोबर एक-दोन सीझन काढायला हवे होते. पण बासेलनं हाक मारली आणि बासेलनं हाक मारल्यावर हा नाही म्हणेल असं होणं शक्यच नव्हतं.

आता 2022 चं बासेल बघ, 2012 चं नाही. क्लब डाविड डेगेनच्या हातात, तोही बासेलचा जुना खेळाडू. आर्थर काब्राल जानेवारीतच फिओरेंटिनाला विकलेला. फेब्रुवारीत एक कोच काढलेला, सीझन संपेपर्यंत दुसरा, मग जूनमध्ये फ्राय. टीम म्हणजे नवीन तरुण पोरं, आज घ्यायची, तयार करायची, विकायची. असल्या टीमला वेळ लागतो आणि बासेलच्या लोकांना वेळ माहीतच नव्हता, तिथं बर्नच्या यंग बॉईज क्लबच्या मागं असणं हाच गुन्हा. तरी युरोपच्या कॉन्फरन्स लीगमध्ये क्रुसेडर्स, ब्रॉन्डबी (पेनल्टीवर), सीएसकेए सोफिया करत करत ग्रुपमध्ये पोचवलं आणि ग्रुपमधूनही पुढं नेलं. लीगमध्ये मात्र ड्रॉवर ड्रॉ, टेबलमध्ये खूप मागं. फ्रायची चूक नाही असं मी म्हणत नाही, टीम दर आठवड्याला वेगळी दिसायची आणि गोल मारायची पद्धत काय हेच कळायचं नाही, स्वतः एवढा गोल मारणारा असून. 2023 च्या फेब्रुवारीत काढलं. आणि जागेवर कोण आला? हायको फोगेल, तेव्हा स्पोर्टिंग डायरेक्टर होता, तो स्वतःच कोच झाला आणि फ्रायनं ग्रुपमधून काढलेली टीम घेऊन कॉन्फरन्स लीगच्या सेमीफायनलला गेला.

त्यानंतरचं पण बघ म्हणजे कळेल. फोगेलनंतर टिमो शुल्ट्झ, सप्टेंबरमध्येच काढला, परत फोगेल, मग ऑक्टोबरमध्ये फाबियो चेलेस्टिनी. तिथं मात्र हे थांबले. चेलेस्टिनी आल्यावर पहिला सीझन काही खास नव्हता, तरी ठेवला, आणि 2025 ला लीग आणि कप दोन्ही. तो आणि फ्राय 2004 च्या युरोला एकाच टीममध्ये होते. एकाला आठ महिने मिळाले, दुसऱ्याला दीड वर्ष. रेनमध्ये बेंचवर बसलेला फ्राय आठव. पहिल्या सहा महिन्यांवरून माप काढलं असतं तर खेळाडू म्हणूनही तो फेलच होता.

फ्राय नंतर 2023 ला आराउला गेला, परत सेकंड डिव्हिजन. त्याच्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आता मॅच. सगळे तुला युनायटेडची 3-3 बघ म्हणतील. ती बघच, पण आधी दुसरी 3-3 बघ. 13 सप्टेंबर 2008, डॉर्टमुंड विरुद्ध शाल्के, डॉर्टमुंडचा कोच म्हणून क्लॉपची पहिली डर्बी, म्हणजे शेजारी क्लबांमधली मॅच. शाल्के 3-0 पुढं, पहिला तास सरळ सोडून दे. तीन महिन्यांपूर्वी बासेलमध्ये रडत बाहेर गेलेला माणूस बेंचवरून आत येतो. सुबोटिच एक मारतो, मग फ्राय बॉक्सच्या बाहेरून असा काही फटका घालतो (ऑफसाइड होता, हो, मला माहीत आहे), शाल्केची दोन माणसं रेड कार्डवर जातात, स्टेडियम नुसतं पेटलेलं, आणि 89 व्या मिनिटाला पेनल्टी. बॉल उचलायला दुसरं कोणी पुढंसुद्धा येत नाही. त्याचा रनअप नीट बघ, किती सावकाश आहे.