गरम झाल्यावर मिसिंग आणि बंद पडणं: कार्बोरेटर उघडण्याआधी हे बघा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: चार सिलिंडरची जुनी गाडी, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा; पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी संपर्कजोडी). थंड असताना छान चालते, इंजिन तापलं की मिसिंग (मधूनमधून ठोका चुकणं) करते, आणि एकदा बंद केली की निवल्याशिवाय सुरू होत नाही. प्लग आणि कॉइल नवे टाकून झालेत, आता कार्बोरेटर उघडायचा विचार आहे.

कार्बोरेटरला तूर्त हात लावू नका. गाडी बंद पडेल त्याच क्षणी एक प्लग काढा, वायरला जोडलेलाच ठेवून इंजिनच्या धातूला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर इन्सुलेटेड पकडीनेच धरा, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना ते आधी बघा. ठिणगी निळसर, जाड, टक-टक आवाज करणारी असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला. पिवळट, बारीक किंवा मधूनच गायब होत असेल तर पुढे वाचा. इंजिन निवल्यावर केलेल्या या तपासणीला काही अर्थ नाही.

पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंट उघडताना तिथे उडणारी ठिणगी दाबणाऱ्या छोट्या कपॅसिटरवर. त्याची कपॅसिटी साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. थंड असताना मीटरवर बरोबर दिसतो आणि तापला की आतून सुटतो किंवा लीक होतो, म्हणून मोजताना हेअर ड्रायरने तापवून मोजा. तरी मीटरच्या कमी व्होल्टेजवर इन्सुलेशनची गळती दिसतेच असं नाही. खात्रीचा उपाय म्हणजे जुन्याची वायर सोडवून चांगला कंडेन्सर बाहेरूनच लावणं: वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, बॉडी अर्थिंगला. मिसिंग थांबलं तर चोर सापडला. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढून सेल्फ मारल्यावर पॉइंटमध्ये जाड, पांढरट ठिणग्या दिसणं हीही कंडेन्सरचीच खूण. आणि ‘नवाच टाकलाय’ हा पुरावा धरू नका. हल्ली मिळणारे काही नवे कंडेन्सर जुन्यापेक्षा लवकर जातात.

दुसरी जागा बहुतेकजण बघतच नाहीत: डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी लवचिक वायर. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणारी यंत्रणा) पॉइंटची प्लेट सतत हलते, त्यामुळे ही वायर वाकून वाकून आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आतल्या तारा तुटल्यात. प्लेटच्या अर्थिंगच्या वायरचंही तेच. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून बघा: प्लेट सरकली पाहिजे आणि नळीचं तोंड जिभेने बंद केल्यावर तिथेच थांबली पाहिजे. लगेच परत आली तर डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटलाय.

आता तुमची नवी कॉइल. वायरी काढून दोन छोट्या टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण ३ ओहम असेल तर ती थेट १२ व्होल्टची. १.५ ओहमच्या आसपास असेल तर तिला बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी ठेवणारा, कॉइलच्या ओळीत जोडलेला रेझिस्टर) लागतो. तो नसेल तर करंट जवळपास दुप्पट जातो, कॉइल भाजते आणि पॉइंट जळतात. उलट बॅलास्ट असलेल्या गाडीत ३ ओहमची कॉइल लावली तर ठिणगी दुबळी पडते. निगेटिव्ह अर्थ गाडीत कॉइलचं मायनस डिस्ट्रिब्युटरकडे जातं. उलटं जोडलं तरी गाडी चालते, पण प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तशीच तापत राहते.

मग पॉइंट. एका पॉइंटवर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर फिलर गेज टेकडीवरच टेकतं आणि खरा गॅप गेजच्या मापापेक्षा जास्त राहतो. असे पॉइंट बदला. नवे टाकताना त्यांच्यावरचा संरक्षक थर स्पिरिटने पुसा. पॉलिश पेपर नको, त्याचे कण धातूत रुततात. हील (पॉइंटचा कॅमवर घासणारा भाग) डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या कॅमच्या सर्वांत उंच भागावर आणून गॅप ठेवा. ल्युकास २५डी४ या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी, बाकीच्यांना मॅन्युअल सांगेल ते. शक्य असेल तर ड्वेल मीटर वापरा; ड्वेल म्हणजे शाफ्ट फिरताना पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन. याच डिस्ट्रिब्युटरला ड्वेल ६० अंश, तीन कमी-जास्त. इंजिनचा वेग वाढवल्यावर ड्वेल तीनेक अंशांपेक्षा जास्त हलला तर शाफ्टचं बुश घासलंय, तिथे पॉइंट बदलून उपयोग नाही.

गॅप आधी, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नंतर. हा क्रम उलटा केला तर सगळं परत करावं लागतं, कारण ड्वेल एक अंश वाढला की टायमिंग क्रँकवर साधारण एक अंश मागे जातं. स्ट्रोब (टायमिंग बघायचा लखलखणारा दिवा) लावताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर.

कॅमवर तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस आणि रोटरखालच्या (रोटर म्हणजे कॅपच्या आत फिरून प्लगांना करंट वाटणारा तुकडा) फेल्टवर इंजिन ऑइलचे दोन थेंब, बस. कोरड्या कॅमवर हील झिजते, गॅप मिटत जातो, टायमिंग मागे पडतं. जास्त ग्रीस टाकलं तर ते उडून पॉइंटवर बसतं.

एवढं करूनही गरम झाल्यावर मिसिंग राहिलं तर रोटर. मधल्या रिव्हेटमधून शाफ्टला करंट गळतो. कॅप काढा, चावी चालू करा, कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळेपासून ५ मिमीवर धरा आणि मिटलेले पॉइंट इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने उघडा. रोटरवर ठिणगी उडाली तर तो गेलाय. चांगल्या रोटरवर उडत नाही, फार तर एखादी क्षीण. कॅपमध्ये काळ्या केसासारख्या रेषा दिसल्या तर तीही बदला, घासून चालत नाही.

पॉइंटच्या जागी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक किटचं कोणी सुचवलंय. वाईट नाही, पण घासलेलं बुश, फाटलेला डायफ्राम आणि गळका रोटर तिने दुरुस्त होत नाहीत. लावलीत तर किटला किती ओहमची कॉइल चालते ते आधी बघा, आणि काढलेले पॉइंट, कंडेन्सर डिकीत ठेवा.