चार मिनिटांचा उशीर : हायकोर्टात जावं का?

प्रश्न : आम्ही कासारवडवलीला राहतो. मुलीचं नीटचं सेंटर नेरूळला आलं होतं. रविवारी लोकलचा ब्लॉक असला तर पंचाईत, म्हणून कॅब केली आणि विटाव्याला रेल्वे पुलाखाली अडकलो. पोहोचलो तेव्हा १:३४ झाले होते. गेट १:३० ला बंद झालं होतं. पेपर २ ला होता, तरी आत घेतलं नाही. वर्ष वाया गेलं. हायकोर्टात जायचा विचार आहे. मुलगी तेव्हापासून बोलतच नाही.
— एक वडील, ठाणे

उत्तर : नमस्कार. पेपर सुरू व्हायला २६ मिनिटं असताना बंद गेटबाहेर उभं राहायची वेळ आली, वाचूनच जीव तुटला. पण स्पष्ट सांगते, पत्रात लिहिलंय तेवढ्याच्या जोरावर कोर्टात जाऊ नका.

हक्क तुम्हाला आहेच. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पण तिथे सगळ्यात आधी ॲडमिट कार्ड पाहिलं जाईल. गेट कधी बंद होणार ते त्यावर छापलेलं असतं, आदल्या दिवशी सेंटर पाहून या अशी सूचनाही असते. २०२५ मध्ये सीयूईटीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, एक उमेदवार असाच दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. गेट ८:३० ला बंद झालं, तो ८:३६ ला पोहोचला. कोर्टाने दिलासा दिला नाही. लाखो मुलं देतात त्या परीक्षेत एकासाठी सूट दिली तर शिस्तच राहणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मला हे कठोर वाटतं, तरीही पटतं. चार मिनिटं चालली तर पुढच्याला सहा का नाहीत? शिवाय एकट्या मुलीसाठी वेगळा पेपर काढायचा आणि तिचे गुण बाकीच्यांच्या रांगेत बसवायचे, असा आदेश मिळणं फारच अवघड.

चूक सेंटरची असेल तर मात्र माझं उत्तर वेगळं आहे. गेट वेळेआधीच लावलं का? कार्डावरचा पत्ता चुकीचा होता का? तुमच्या डोळ्यांदेखत उशिरा आलेल्या दुसऱ्या कुणाला आत सोडलं का? यातलं काही घडलं असेल तर आजच एनटीएला, म्हणजे नीट घेणाऱ्या संस्थेला, ईमेल करा आणि त्या वेळचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा अशी लेखी मागणी करा, कारण फुटेज कायम राहत नाही. कॅबची पावती, गेटवर काढलेले फोटो, कॉलच्या वेळा एकत्र ठेवा आणि मग वकील गाठा. मेमध्ये हायकोर्टाला सुट्टी असते. तातडीची प्रकरणं तेवढी सुट्टीतल्या न्यायमूर्तींपुढे येतात.

आता पत्रातलं शेवटचं वाक्य. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. याचिका तिच्या नावाने जाणार. १८ पूर्ण असतील तर सहीही तिचीच, नसतील तर पालक म्हणून तुमची. तिला हे हवंय का, हे विचारलंत का? घरातून कुणामुळे उशिरा निघालो, कॅब कुणी ठरवली, असले हिशेब तिच्यासमोर अजिबात नकोत. ती ते मनात रोज करतच असेल. तिच्याजवळ बसा, बोलायची घाई करू नका. जेवण-झोप सुटली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली, तर लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

नीटला कमाल वयाची अट नाही, किती वेळा द्यायची याचीही मर्यादा नाही. तिने एमएचटी-सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप दिला असेल तर बी.फार्म आणि बीएस्सी कृषीचे प्रवेश याच वर्षी होऊ शकतात, फॉर्मच्या तारखांवर लक्ष ठेवा. पुन्हा नीटच द्यायची की हे घ्यायचं, ते तिला ठरवू द्या. पुढचं पत्र तिने स्वतः लिहिलं तर फार बरं होईल, मी सविस्तर उत्तर देईन.