ॲपला जेसन हवं, येतं एचटीएमएल

प्रश्न : आमच्या शेतकरी गटाच्या संकेतस्थळावर रोजचे कांद्याचे भाव असतात. एकाच पत्त्यावरून ब्राउझरला एचटीएमएल (वेबपानाची भाषा) आणि मोबाइल ॲपला जेसन (प्रोग्रॅमला वाचता येईल अशी माहितीची मांडणी) देतो, मराठी-इंग्रजीचंही तसंच. पण मधूनच ॲपला एचटीएमएल येतं नि ते बंद पडतं. मराठी वाचणाऱ्यांपुढे इंग्रजी पान येतं. माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं सुरळीत चालतं.
– एक वाचक, निफाड

उत्तर : लॅपटॉपवर मध्ये कॅशे, म्हणजे उत्तरांच्या प्रती साठवून तीच पुन्हा देणारा थर नाही, म्हणून चालतं. सर्व्हरपुढचा कॅशे फक्त पत्ता बघतो. सकाळी कुणी ब्राउझरमधून पान उघडलं की ते एचटीएमएल साठवलं जातं आणि मागून येणाऱ्या ॲपच्या हातीही तेच टेकवलं जातं. खात्री करायची तर कर्लने (आज्ञा टाइप करून पत्ते मागवायचं साधन) तोच पत्ता दोनदा मागवा, एकदा एचटीएमएल म्हणून, लगेच जेसन म्हणून. दुसऱ्या वेळीही एचटीएमएल आलं आणि सोबत 'एज' हेडर (उत्तर कॅशेतून आल्याचं सांगणारी, उत्तरासोबतची माहितीची ओळ) दिसलं, तर चोर सापडला. उपाय एका ओळीचा : प्रत्येक उत्तरासोबत 'व्हेरी: ॲक्सेप्ट' पाठवा. मागणाऱ्याला कोणता प्रकार हवा ते ॲक्सेप्ट हेडर सांगतं, आणि त्यानुसार प्रती वेगळ्या ठेव, असं व्हेरी कॅशेला सांगतं. काही सीडीएन (जागोजागी कॅशे पुरवणाऱ्या सेवा) त्याकडे काणाडोळा करतात, तेव्हा तिथली सेटिंगही बघा.

आता कोड. ॲक्सेप्ट हेडरमध्ये 'जेसन' हा शब्द सापडतो का, एवढंच बघत असाल तर ते आजच काढा. 'ॲप्लिकेशन/जेसन;क्यू=0' याचा अर्थ 'जेसन अजिबात नको' असा होतो, आणि तुम्ही नेमकं तेच वाढाल! क्यू म्हणजे 0 ते 1 मधला पसंतीचा आकडा. लिहिलेला नसेल तर 1 धरायचा. हे हिशेब स्वतः लिहीत बसू नका, बहुतेक फ्रेमवर्कमध्ये (संकेतस्थळ बांधायच्या तयार सांगाड्यांत) तयार असतात. ॲपची बाजूही तपासा. बऱ्याच लायब्ररी आपणहून '*/*' पाठवतात, म्हणजे 'काहीही चालेल'. मग एचटीएमएल आलं म्हणून सर्व्हरला बोल लावता येत नाही. ॲपने स्पष्टपणे 'ॲप्लिकेशन/जेसन' मागायला हवं.

काहीच जुळत नसेल तर 406 ('मागितलेला प्रकार नाही' असा नकार) द्यावा की ठरलेलं पान, याची मुभा आरएफसी 9110 (2022) हा एचटीटीपीचा मानक दस्तऐवज सर्व्हरला देतो. मी 406 देते. पान उघडताना ब्राउझर यादीच्या शेवटी '*/*' जोडतातच, त्यामुळे माणसांना तो सहसा दिसत नाही.

भाषेचं दुखणं वेगळं. आपल्याकडे घरात मराठीशिवाय न बोलणाऱ्याचाही फोन दुकानातून आला तसा इंग्रजीतच राहतो. मग क्रोम ॲक्सेप्ट-लँग्वेज या हव्या त्या भाषांच्या हेडरमध्ये 'ईएन-आयएन, ईएन-जीबी;क्यू=0.9' (ईएन म्हणजे इंग्रजी) असं काहीतरी पाठवतो, त्यात मराठीचा पत्ताच नाही. बिचारा सर्व्हर काय करणार? माझ्या मते दोन भाषांना दोन पत्ते द्या आणि पानावर ठळक बटण ठेवा. ॲक्सेप्ट-लँग्वेज बघायचं ते फक्त मुख्य पत्त्यावर, पहिल्या अंदाजापुरतं. तिथल्या व्हेरीत तेही जोडा. 'एमआर-आयएन' (भारतातली मराठी) आणि नुसतं 'एमआर' (मराठी), दोन्हींना मराठीच द्या.

हे सगळं चढवल्यावर कॅशे एकदा पूर्ण रिकामा करा. नाहीतर जुनं एचटीएमएल मुदत संपेपर्यंत ॲपला मिळत राहील आणि तुम्ही व्हेरीला दोष द्याल.