महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या सर्वांत उंच ठिकाणी जायचं आहे. यादी कुठे मिळेल आणि सुरुवात कुठून करावी?

यादी मिळणार नाही. म्हणजे नेटवर दहा मिळतील, पण एकीवरही विसंबू नका. नाशिकच्या पुढे ‘साल्हेर’ (बागलाण तालुक्यातला किल्ला) लिहिलेलं दिसलं की ती यादी तिथेच बंद करा.

हे वाचून बागलाणातली मंडळी चिडतील. चिडू देत. माझा साडू तिथल्याच सटाण्याचा आहे, मला सवय आहे.

मी मोजणीदार होतो. 31 वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. आधी शंकू-साखळी, मग प्लेन टेबल, शेवटची काही वर्षं मशीन. मूळ गाव अकोले तालुक्यात. (अकोला नव्हे. हा खुलासा करण्यात निम्मं आयुष्य गेलं.) लहानपणी सकाळी तोंड धुताना समोर कळसूबाई दिसायची, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो. पण तटस्थ नसलेला माणूस चुकतोच असं नाही.

वाद सोपा आहे. कळसूबाई 1646 मीटर, साल्हेर 1567. कळसूबाईची रांग ही अकोले आणि इगतपुरी तालुक्यांमधली, म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) आणि नाशिक या दोन जिल्ह्यांमधली हद्द. दक्षिणेचं पाणी नगरचं, उत्तरेचा उतार नाशिकचा. मग नाशिक जिल्ह्यातली सर्वांत उंच जमीन कुठली? पण स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात शिखराच्या नावापुढे एकच जिल्हा लिहायला जागा असते. कळसूबाईपुढे नगर लिहून झालं की नाशिकला काहीतरी द्यायला हवं, म्हणून साल्हेर. त्या पुस्तकांवर माझ्या साडूच्या दोन्ही मुलांनी अभ्यास केला, त्यामुळे त्यांच्या घरात ‘नाशिकचं साल्हेर’ हे वेदवाक्य.

एका दिवाळीत जेवताना हे निघालं. मी म्हटलं, साडूभाऊ, साल्हेर दुसऱ्या नंबरचं शिखर आहे, महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच किल्ला आहे, सगळं मान्य. पण नाशिकची सर्वांत उंच जागा कळसूबाईलाच. त्यांनी पुरणपोळीवर तूप घेता घेता अहिराणीत उडवून लावलं, “तुमनी कळसूबाई तुमले, आमना साल्हेर आमले.” आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्या दोघी हसल्या. मला ते हसणं लागलं. हद्द हा माझा धंदा होता हो.

म्हणून नोव्हेंबर 2016 मध्ये त्यांना घेऊन गेलो. बारीकडून सगळेच चढतात, शिड्या आहेत, सरबतवाले आहेत, लहान मुलं चढतात. मी मुद्दाम इंदोऱ्याची वाट धरली. इंदोरे इगतपुरी तालुक्यातलं, म्हणजे नाशिकच्या जमिनीवर पाय ठेवून निघायचं आणि नाशिकच्याच उतारावरून माथ्याला भिडायचं. प्रात्यक्षिक दाखवावं म्हटलं. साठीला टेकलेल्या माणसाने प्रात्यक्षिकं दाखवू नयेत. ती वाट अंगावर येते. वाळलेल्या गवताखाली घसारा, दोन पावलं वर तर एक पाऊल खाली. कारवीच्या रानात आम्ही तासभर चुकलो. मी हातातल्या नकाशावरून सांगत होतो डावीकडे, साडू सांगत होते उजवीकडे, आणि शेवटी एका गुराख्याने दोघांनाही मागे फिरवून तिसरीकडेच नेलं. साडू साध्या चपलेत होते. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही, याचा मला जास्त राग आला.

साडेअकराला माथ्यावर पोचलो तर रविवार असल्यामुळे देवळासमोर रांग. शेंदूर, नारळ, सेल्फी. आम्ही खुरासणीची चटणी आणि भाकरी काढून एका कडेला बसलो. मी चपलेच्या टोकाने धुळीत रेघ ओढली आणि म्हटलं, ही धार समजा. या अंगाला नगर, या अंगाला नाशिक. साडूंनी काही न बोलता एका सरबतवाल्या पोराला हाक मारली.

“बाळा, आपण बसलोय हे कुठल्या जिल्ह्यात?”

पोराने लिंबू पिळता पिळता वर बघितलं. “हे ना? हे बारीचं.”

“आणि बारी कुठल्या जिल्ह्यात?”

“नगर.”

साडूंनी त्याला वीस रुपये दिले. सरबत दहाचं होतं.

मग मी हिशोब मांडला, भाकरीच्या कागदावर. तोच हिशोब तुम्हालाही देतो, कारण तुमच्या सगळ्या यादीची किल्ली त्यात आहे. 1646 वजा 1567 म्हणजे 79. समजा, पोराचं खरं धरलं. देऊळ नगरचं, माथा नगरचा, वरचा सगळा कातळ नगरचा. तरीसुद्धा हद्द माथ्यापासून उभ्या मापाने 79 मीटर खाली सरकल्याशिवाय साल्हेर जिंकू शकत नाही. धारेवरची हद्द इतकी खाली येते होय? नाशिकची सर्वांत उंच जागा म्हणजे शिखरच असलं पाहिजे असं कुणी सांगितलं? उतारावरचा एखादा दगड असेल, त्याला नाव नसेल, शेंदूर नसेल, पण उंची आहे. तुमचा प्रश्न ‘सर्वांत उंच ठिकाण’ असा आहे, ‘सर्वांत उंच शिखर’ असा नाही. हा फरक ज्याला कळला त्याचं अर्धं काम झालं.

साडूंनी कागद नीट वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, “गणित बरोबर असेल. पण दगडाला कोण नमस्कार करणार?”

उतरताना घसाऱ्याची भीती वाटली, म्हणून शिड्यांवरून बारीत उतरलो. उतरल्यावर लक्षात आलं की गाडी इंदोऱ्यात आहे. गाडी नाशकात, आम्ही नगरात. हद्द म्हणजे काय ते साडूंना त्या संध्याकाळी समजलं असावं, पण बोलले नाहीत. जीप मिळेपर्यंत दीड तास आम्ही एकाच पारावर दोन दिशांना तोंडं करून बसलो होतो.

खरी गंमत पुढे. साडूंचा धाकटा कनेक्टिकटमध्ये नोकरीला. तिकडे हा छंद जोरात आहे, राज्यातल्या प्रत्येक काउंटीच्या सर्वोच्च जागी जायचं. कनेक्टिकटमध्ये आठच काउंट्या, त्यामुळे त्याने दोन उन्हाळ्यांत उरकल्या. 2022 मध्ये त्याचा फोटो आला आणि साडूंनी तो घरच्या ग्रुपवर टाकला: ‘आमचे चिरंजीव कनेक्टिकट राज्याच्या सर्वोच्च ठिकाणी’. मी ठिकाणाचं नाव शोधलं. माउंट फ्रिसेल. त्या डोंगराचा माथा कनेक्टिकटमध्ये नाहीच, शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. कनेक्टिकटची सर्वांत उंच जागा त्याच्या दक्षिण उतारावर, साधारण 725 मीटरवर, जिथे राज्याची हद्द जाते तिथे. आणि याहून भारी म्हणजे जवळच बेअर माउंटन नावाचा डोंगर आहे, त्याचा माथा पूर्ण कनेक्टिकटमध्ये. त्यावर 1885 चा दगडी मनोरा आहे आणि ‘ही कनेक्टिकटची सर्वांत उंच जागा’ असं त्याच्या दगडावर कोरलेलं आहे. चूक आहे. पण कोरलेलं आहे.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं: ‘अभिनंदन. म्हणजे उतार चालतो.’ त्याला फक्त माझ्या मेहुणीचा अंगठा आला.

आता तुमच्या कामाचं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की 1:50,000 चे नकाशे फुकट उतरवता येतात. जिल्ह्याची हद्द बोटाने धरून चाला आणि सगळ्यांत मोठ्या आकड्याची समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) शोधा. रेषा 20-20 मीटरच्या असतात, त्यामुळे सपाट जिल्ह्यांत तीनचार जागा सारख्याच निघतील. तिथे सगळ्या पालथ्या घालायच्या, दुसरा उपाय नाही. मराठवाड्यात अशी जागा बहुधा कुणाच्या तरी तुरीत निघेल. पीक उभं असेल तर बांधावरून जा, मालकाला आधी सांगा आणि हातात मोबाइल धरून रेंगाळू नका, मोजणीवाला आला म्हणून गाव गोळा होतं. अनुभवाने सांगतोय.

कोकणात तर सगळीकडे कळसूबाईचाच तिढा. रायगड जिल्हा म्हणजे रायगड किल्ला असं धरून लोक रोपवेने वर जातात आणि टिकमार्क करतात. किल्ला 820 मीटर, आणि जिल्ह्याची पाठ ज्या घाटमाथ्याला टेकली आहे तो त्याहून कितीतरी उंच. पाचही बिगरमुंबई कोकणी जिल्ह्यांत हद्दीचा उतारच बघा. पुण्यात सगळे तोरणा सांगतात. तोरणा पुण्यातला सर्वांत उंच किल्ला. किल्ला. पुढचं नकाशात बघा.

साताऱ्याला काही कष्ट नाहीत, महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट, 1438 मीटर, गाडीतून उतरून चार पावलं. नंदुरबारला अस्तंभा, 1325 मीटर, धनत्रयोदशीच्या यात्रेत गेलात तर वाट विचारावी लागत नाही, माणसंच माणसं असतात. अमरावतीला चिखलदऱ्याजवळचं वैराट, 1177 मीटर, पण मेळघाटातलं, वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. मुंबई उपनगरचंही तेच, राष्ट्रीय उद्यानात परवानगी लागते. मुंबई शहराला मलबार हिल. तिथे इमारतीची गच्ची धरायची नाही, जमीन धरायची, आणि ती जमीन कुणाच्या तरी गेटच्या आत असेल.

बाकीचे माझे झालेले नाहीत. आत्तापर्यंत माझे 11, त्यात कळसूबाई दोनदा मोजली आहे. जिल्हा फुटला की यादी लांबते हेही धरा. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला आणि यादी 36 ची झाली. पावसाळ्यात इंदोऱ्याची वाट धरू नका. खरं तर पहिल्यांदा जात असाल तर कधीच धरू नका, बारीकडून जा आणि माथ्यावरून उत्तरेकडे जरा सरकून उभे राहा, नाशिक झालं.

आणि साल्हेरला जा. ते यादीत नाही म्हणून जाऊ नका असं मी म्हटलेलं नाही. मीही गेलोय, साडूंबरोबरच, कळसूबाईच्या पुढच्या वर्षी. वाघांब्याकडून चढलो. पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, वर गंगासागर तलाव आणि अगदी टोकाला परशुरामाचं इवलंसं देऊळ. 1672 च्या लढाईत मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच किल्ल्याच्या पायथ्याशी, सूर्याजी काकडे तिथेच पडले. साडू हे सगळं सांगत होते आणि माझा श्वास लागला होता म्हणून मी मध्ये बोललो नाही. चढाई म्हणून साल्हेर सरस आहे. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुम्ही गेलात तर परशुरामाच्या देवळापाशी मोबाइलवर उंची लावा, आकडा स्थिर होऊ द्या, आणि आकडा दिसेल असा फोटो काढून इथे टाका. 1646 च्या खालचा कुठलाही चालेल. ग्रुपवर पाठवायचा आहे.