ट्रिम टॅबला झिंक लावलं तरी गंज का?

प्रश्न: आमची स्पीडबोट मांडव्याला बारा महिने पाण्यातच असते. स्टेनलेसच्या ट्रिम टॅबला (बोटीच्या मागे खाली असणारी, तोल साधणारी हलती पट्टी) झिंकचा अ‍ॅनोड लावलाय तरी टॅबवर बारीक खड्डे पडतायत, आणि अ‍ॅनोड मात्र नव्यासारखा चकाचक, असं का?

उत्तर: दादा, अ‍ॅनोड झिजत नाही हीच खरी काळजीची गोष्ट आहे. झिंकचं कामच मुळी स्वतः झिजून टॅबला वाचवायचं, तो तसाच राहिला म्हणजे बहुतेक त्याचा टॅबशी कॉन्टॅक्टच नाहीये. मधे रंग किंवा सीलंट राहिलं असेल नाहीतर कोणीतरी हौसेने अ‍ॅनोडलाही रंग मारला असेल, तो कधीच मारायचा नाही. बोट वर काढली की जागा घासून धातू उघडा करा, अ‍ॅनोड स्टेनलेस बोल्टने घट्ट बसवा आणि मल्टिमीटर लावून दोघांमधला विद्युत रोध बघा, एक ओहमपेक्षा कमी यायला हवा.

दुसरं म्हणजे टॅबवरचे कालवं-शिंपले खरवडत जा, त्यांच्याखाली ऑक्सिजन पोचत नाही आणि स्टेनलेसला तिथेच खड्डे पडतात. तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (शिंपले-शेवाळ चिकटू न देणारा) डायरेक्ट टॅबवर नको, आधी प्रायमर पाहिजेच.

अ‍ॅनोड अर्धा झिजला की बदला, पूर्ण संपायची वाट बघू नका. बोट खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात जास्त असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड घ्या, तिथे झिंकवर थर बसून तो सुस्त पडतो. फक्त एकाच टॅबवर दोन्ही मिसळू नका.

दुसरा धातू झिजवून वाचवायची ही युक्ती जुनी आहे बरं का, इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी सुचवली होती.