वहिनी कॅमेऱ्यामागे गेली तेव्हा

प्रश्न : परवा मुलीबरोबर ‘त्रिभंग’ पाहिला. दिग्दर्शिकेचं नाव वाचून ती म्हणाली, “म्हणजे ‘हम आपके हैं कौन’मधली वहिनी?” मला तर दूरदर्शनवरचं ‘सुरभि’च आठवलं. इतकं गोड हसणाऱ्या रेणुका शहाणेने एवढा कडवट सिनेमा कसा काय काढला? आणि ही गोष्ट तिच्या स्वतःच्या आईची आहे का?
— एक वाचक

उत्तर : ‘सुरभि’ आठवलं म्हणजे ताई, तुम्ही माझ्याच पिढीच्या. त्या कार्यक्रमात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं १५ पैशांच्या कार्डावर लिहून मीही पाठवत असे. बक्षीस एकदाही लागलं नाही. असल्या स्पर्धांच्या कार्डांचा ढीग इतका वाढला, की टपाल खात्याने त्यांच्यासाठी २ रुपयांचं वेगळं कार्डच काढलं. सिद्धार्थ काक यांच्या शेजारी बसून रेणुका हसायची आणि सगळ्या घरांना ती आपलीच लेक वाटायची. १९९४मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला, तिने केलेली पूजा जिन्यावरून पडली, थिएटरात हुंदके फुटले आणि लेकीची वहिनी झाली. मग काय, शिक्का बसला! नवऱ्याच्या घरात राहून जुन्या प्रेमात अडकलेली ‘सैलाब’ मालिकेतली बाई तिनेच केली होती, सचिन खेडेकरसमोर. पण ती किती जणांच्या लक्षात आहे?

म्हणून मला तुमचा प्रश्न उलटा विचारावासा वाटतो. जी माणसं नट म्हणून कोणी तिला द्यायला धजलं नसतं, तीच दिग्दर्शक झाल्यावर तिने उभी केली. २००९चा ‘रीटा’ घ्या. मूळ कादंबरी ‘रीटा वेलिणकर’, लेखिका शांता गोखले, म्हणजे रेणुकाची आई. घराचा भार ओढणारी थोरली मुलगी, लग्न झालेल्या साहेबाशी वर्षानुवर्षांचं नातं आणि एक दिवस मनच कोलमडतं. रेणुकाने स्वतःच रीटा केली असती तर कोण अडवणार होतं? पण ती भूमिका दिली पल्लवी जोशीला. दिग्दर्शक म्हणून तिच्यावर माझा विश्वास बसला तो इथेच. पहिल्याच सिनेमात मध्यभागी स्वतः उभं राहायचा मोह नटाला आवरत नाही, हे आपण किती वेळा पाहिलंय.

त्यानंतर थेट २०२१. ‘त्रिभंग’चं लेखनही तिचंच. अनु, म्हणजे काजोल, पत्रकारांना शिव्या हासडते; तिची लेखिका आई नयनतारा आपटे (तन्वी आझमी) इस्पितळात बेशुद्ध पडलेली. ओडिसी नर्तकी असलेली ही अनु तिघींची ओळख नाचाच्या भाषेत करून देते : आई अभंग (किंचित कललेली), लेक समभंग (सरळ, तोललेली) आणि आपण त्रिभंग. मान, कंबर, गुडघा तिन्हीकडे वाकलेली उभी मुद्रा ती त्रिभंग. तिरकी दिसते, पण तोल सुटत नाही. एक सांगू? आईची जीवनकहाणी लिहून काढणारा तो मिलन मला जरा जास्तच भाबडा वाटला. आणि शेवटाकडे सगळे जण आपापलं मन फारच नीट शब्दांत उलगडून सांगतात. पण आई-मुलीतली ती घुसमट खरी आहे, त्यामुळे मी तक्रार आवरती घेतो.

आता आईचं. लेखिका आई आणि कलावंत मुलगी एवढं साम्य दिसलं, की आपण लगेच घराच्या खिडकीत डोकावायला लागतो. नयनतारा आपटे म्हणजे शांताबाई, असं समजू नका. शांताबाई दिसतात त्या ‘रीटा’त, आणि तिथेही आई म्हणून नव्हे, लेखिका म्हणून. आईचं पुस्तक हातात घेऊन मुलगी ते पडद्यावर आणते, ही मला ‘त्रिभंग’पेक्षाही कुतूहलाची गोष्ट वाटते.

मुलीला कादंबरी वाचायला द्या. तिथेही रीटा इस्पितळाच्या खाटेवरच आहे.